सफरचंदाऐवजी सीताफळ : पहिली-दुसरीच्या वर्गातील शरद ऋतूचा एक पंधरवडा

पहिलीच्या वर्गात इंग्रजी मुळाक्षरांचा जो तक्ता टांगलेला असतो, त्याची सुरुवात सफरचंदाने होते. काही वर्षांपूर्वी आश्विन महिन्यातील एका सकाळी आम्ही त्या लालभडक चित्रावर बोट ठेवून मुलांना विचारले, "हे फळ तुम्ही कोठे पाहिले?" एक मुलगा म्हणाला, "दवाखान्यात. आजी आजारी होती तेव्हा." एक मुलगी म्हणाली, "या तक्त्यात." बाकीचा वर्ग गप्प राहिला. त्याच वेळी मागच्या रांगेतून गोडसर वास येत होता. रविवारी घरी जाऊन आलेल्या दोन मुलांच्या दप्तरांत सीताफळे होती आणि आम्ही रागावू म्हणून ती त्यांनी वह्यांखाली दडवली होती. जे फळ मुलांना देठापासून बीपर्यंत ठाऊक होते ते दप्तरात लपले होते, आणि ज्याची चवही अनेकांनी घेतली नव्हती ते भिंतीवर मिरवत होते. त्या दिवशी चूक मुलांची नसून आमची आहे, हे आमच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षीपासून आम्ही शरद ऋतूत सीताफळाचा पंधरवडा घेऊ लागलो. त्याची रीत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवावी, म्हणून हा लेख.

सफरचंदाशी आमचे वैर नाही. अमेरिकेतील प्राथमिक शाळांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदावर आधारलेले पाठ आवर्जून घेतले जातात. तेथील मुले लाल, हिरव्या, पिवळ्या फोडी चाखून आवडीनिवडीचा तक्ता करतात आणि फळ आडवे कापून आतील पाच कप्प्यांची चांदणी पाहतात. ही पद्धत उत्तम आहे. मात्र तिचे मर्म सफरचंदात नाही. त्या ऋतूत शाळेच्या दारापाशी जे पिकते तेच पाठ्यपुस्तक करायचे, हे त्या पद्धतीचे मर्म आहे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. म्हणून ते काश्मीर-हिमाचलात बहरते आणि आपल्या बाजारात मालमोटारीतून येते. कंधार म्हटले की किल्ला, मन्याड नदी आणि राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र आठवतात. पण भोवतालच्या बालाघाटाच्या माळरानावर पावसाळा सरता सरता जे फळ डोळे उघडते ते सीताफळ होय. याच बालाघाटाच्या रांगेतील बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. आपल्या मुलांच्या टोपलीतील फळावर शास्त्रज्ञ संशोधन करतात, हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही तक्त्याने उमटत नाही.

हा विचार आमच्या पदरचा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात वाचन, लेखन व हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असा आग्रह धरला होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना पाने, फुले, बिया, शंख-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य केले. महागड्या साधनांवाचून उत्तम बालशिक्षण होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

आता प्रत्यक्ष पंधरवडा कसा चालतो ते पाहू.

पहिले तीन दिवस पाहण्याचे आणि बोलण्याचे. मुले पाच-पाचांच्या गटांत बसतात. प्रत्येक गटापुढे एक फळ असते. डोळे मिटून हात फिरवायचा आणि काय वाटते ते सांगायचे. 'खरबरीत', 'गारेगार', 'उंचसखल', 'खवल्याखवल्याचे' असे शब्द मुलांच्या तोंडून येतात आणि ते आम्ही फळ्यावर लिहितो. घरी मुले जे शब्द वापरतात तेही लिहितो. प्रमाण शब्द शेजारी येतो, पण घरचा शब्द पुसला जात नाही. मग त्या शब्दांतून दोन-तीन ओळींची वाक्ये तयार होतात आणि पहिलीचे मूल स्वतः बोललेले वाक्य स्वतः वाचते. अक्षरओळखीसाठी 'सी', 'ता', 'फ', 'ळ' ही अक्षरे सुटी करून त्यांपासून नवे शब्द जुळवतात. 'ळ' हे अवघड अक्षर 'फळ', 'जवळ', 'माळ', 'बाळ' अशा ओळखीच्या शब्दांतून लवकर बसते, असा आमचा अनुभव आहे.

पुढचे चार दिवस गणिताचे. फळ फोडण्यापूर्वी प्रत्येक मूल आत किती बिया असतील याचा अंदाज पाटीवर लिहिते. कोणी पाच लिहितो, कोणी शंभर. मग फळ फोडून, बिया धुऊन, दहा-दहाचे ढीग लावून मोजणी होते. तीन ढीग आणि वर चार सुट्या, म्हणजे चौतीस. दशक आणि एकक हे शब्द येथे हाताला लागतात. दुसऱ्या फळाच्या वेळी अंदाज आपोआप सुधारतात, आणि 'अंदाज' म्हणजे 'काहीतरी सांगणे' नव्हे हे मुलांना न सांगता कळते. तराजूच्या एका पारड्यात गर आणि दुसऱ्यात साल व बिया ठेवल्या की बहुधा साल-बियांचे पारडे गराच्या बरोबरीला येते किंवा खाली जाते, आणि मुले चकित होतात. दुसरीची मुले वर्गातच बाजार मांडतात. एका टोपलीचा भाव, सुटे पैसे, उधारी, नफा यांत त्यांपैकी काही मुले आम्हा शिक्षकांपेक्षा तरबेज असतात, कारण बसस्थानकाबाहेर आईशेजारी बसून त्यांनी तो हिशेब केलेला असतो. जे काम करण्याची त्यांना लाज वाटत होती, त्याच कामातले ते वर्गाचे गुरुजी होतात.

आढीचा प्रयोग याच दिवसांत सुरू होतो. खवल्यांमधील खाच रुंदावून पांढुरकी झाली की सीताफळाने डोळे उघडले, असे आपण म्हणतो. डोळे उघडलेली काही फळे आणि डोळे मिटलेली काही फळे कडब्याच्या कुट्टीत वेगवेगळी ठेवायची. मुले रोज हलकेच दाबून पाहतात आणि मऊ झालेल्या फळापुढे तक्त्यावर ठिपका देतात. पहिल्या ढिगातील फळे तीन ते पाच दिवसांत पिकतात. दुसऱ्या ढिगातील पुष्कळशी काळी पडून दगडासारखी राहतात. घाईने तोडलेले फळ का पिकत नाही, या प्रश्नावर दुसरीच्या वर्गात झालेली चर्चा आम्ही मोठ्या वर्गांतही क्वचितच ऐकली आहे.

नंतरचे चार दिवस परिसराचे आणि शास्त्राचे. सफरचंद आडवे कापले तर पाच कप्पे दिसतात. सीताफळाची रचना निराळी आहे. त्याच्या एका फुलात अनेक सुटे स्त्रीकेसर असतात. त्या प्रत्येकापासून एक-एक खवला आणि त्यामागचा गर तयार होतो आणि ते सारे जुळून एक फळ बनते. ज्या स्त्रीकेसरापर्यंत पराग पोहोचत नाही, त्याच्या गरात बी नसते. बिनबियांचा गर सापडला की मुले आनंदाने ओरडतात, आणि 'याला बी का नाही?' या प्रश्नातून परागीकरणाचा पाठ सुरू होतो. सीताफळाचे फूल खाली तोंड करून लोंबते, त्याच्या पाकळ्या जाड, हिरवट असतात आणि पराग वाहून नेण्याचे काम मुख्यतः बारीक भुंगेरे करतात. पहिलीच्या मुलांना एवढे पुरे. माळावर नेल्यावर विचारायचा प्रश्न एकच : "शेळ्या बोरी-बाभळी ओरबाडतात, मग सीताफळाला तोंड का लावत नाहीत?" पान चुरगळून वास घेतला की उत्तर सापडते. त्या उग्र पाल्यामुळेच उघड्या, खडकाळ माळावर हे झाड टिकून राहिले आहे.

येथे शिक्षकांनी आणि पालकांनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. सीताफळाचे बी विषारी आहे. अखंड बी चुकून गिळले गेले तर ते सहसा तसेच बाहेर पडते, पण फुटलेले बी किंवा त्याची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यास गंभीर इजा होते. उवा घालवण्यासाठी बियांची पूड डोक्याला लावण्याची चाल काही घरांत अद्याप आहे. ती बंद व्हावी. वर्गात मोजलेल्या बिया मोजून परत घ्याव्यात, कोणासही फोडू देऊ नयेत आणि काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

इतिहासाचा एक दिवस आम्ही हट्टाने ठेवतो. सीताफळाचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश. समुद्रमार्गाने आलेल्या युरोपीयांबरोबर ते भारतात आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु इसवी सनापूर्वीच्या भरहूत स्तूपाच्या कठड्यावरील एक फळ सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सीताफळासारखे दिसले आणि त्यावरून वाद झाला. हा वाद आम्ही मुलांपुढे सोडवत नाही, शिल्पाचे चित्र दाखवतो आणि "तुम्हांला काय दिसते?" एवढेच विचारतो. पुरावा पाहून मत बनवण्याची सवय सहाव्या वर्षी लागली तर ती जन्मभर पुरते. मग मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग हेही अमेरिकेतून आले, असे सांगितले की मुलांचा विश्वास बसत नाही. "मिरची आपली नाही?" असे एका मुलीने विचारले होते. आम्ही म्हणालो, "जिला आपण पेरले, जोपासले, ती आपलीच." कोणाचे मूळ कोठले, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. हा पाठ फळाच्या निमित्ताने इतका सहज देता येतो की त्यासाठी वेगळे प्रवचन लागत नाही.

शेवटल्या दिवशी आढीतली फळे एका परातीत फोडतात आणि सारा वर्ग गोल बसून खातो. निम्मे, पाव, सारखे वाटे यांचे गणित तेथे होतेच. पण आम्हांला त्या परातीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. बाबासाहेबांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या वर्गात सर्व घरांची मुले एकाच परातीत हात घालतात तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. विशेष वाटू नये हेच आपण मिळवले आहे. खाता खाता आम्ही मुलांना कोडे घालतो : "सीताफळ म्हणजे साल का? गर का? बी का?" मुले प्रत्येक वेळी "नाही" म्हणतात आणि मग विचारात पडतात. भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाविषयी असेच प्रश्न विचारले होते, हे त्यांना मोठेपणी कळेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. सीताफळाचा हंगाम आणि ऊसतोडीला निघण्याचा हंगाम आपल्या भागात एकमेकांना लागून येतात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात आणि शिकती मुलेही सोबत जातात. एका वर्षी बी पेरण्याच्या उपक्रमात दुसरीच्या एका मुलाने डब्यात चार बिया लावल्या होत्या. मूग-मटकीला दोन दिवसांत मोड येतात, पण सीताफळाचे बी महिना-दीड महिना घेते आणि थंडी पडली तर त्याहूनही अधिक. त्यापूर्वीच त्याचे आईवडील त्याला घेऊन गेले. डब्यावर त्याचे नाव होते आणि बाकीची मुले त्याच्या वाटणीचे पाणी घालत राहिली. पुढे त्यातून दोन रोपे वर आली. मुलगा त्या वर्षी परतला नाही. पुढील जूनमध्ये आला तो अक्षरे विसरून, आणि वर्गमित्र तिसरीत गेलेले पाहून दारातच उभा राहिला.

तेव्हापासून आम्ही पालकसभा दिवाळीनंतर न घेता याच पंधरवड्यात, दसऱ्याच्या आधी घेतो. भाषण करत नाही. मुलेच पालकांना आढीचा तक्ता दाखवतात, बिया मोजून दाखवतात, स्वतःचे वाक्य वाचून दाखवतात. ज्या बापाने कधी पाटी धरली नाही, तो आपल्या मुलीने आपल्याच टोपलीचा हिशेब लिहिलेला पाहतो. मग आम्ही एवढेच म्हणतो, "हिला वसतिगृहात ठेवून जा. तुम्ही परत येईपर्यंत हिचे बी उगवलेले असेल." सारेच ऐकतात असे नाही. उचल घेतलेल्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नसते आणि लहान भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी लागते, हे आम्ही जाणतो. तरीही दरवर्षी काही पालक मुलांना ठेवून जातात. राहिलेल्या प्रत्येक मुलाचे ते वर्ष वाचते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण शाळेत याल, तेव्हा पहिलीच्या वर्गासाठी खेळणी आणू नका. आपल्या गावच्या माळावरची दहा-बारा सीताफळे आणा आणि तासभर मुलांजवळ बसा. कुंपणाच्या कडेने लावलेल्या रोपांतील दोन त्या डब्यातली आहेत. मुले ती कोणाची ते सांगतील.