कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतोय? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी हे बघा

नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली, असं तुमच्याही घरी झालंय का? आमच्या रायपूरमध्ये अशा वेळी दुकानात एकच उत्तर मिळतं, “फॉरमॅट मारना पड़ेगा.” पैसे जातातच, पण खरी भीती वेगळी असते. मुंजीचे फोटो, आजोबांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं त्याच डब्यात असतं. फॉरमॅट करताना कुणी कॉपी काढून ठेवली नाही, तर ते सगळं गेलंच म्हणून समजा. म्हणून दुकान गाठण्याआधी घरीच अर्धा तास काढा.

मुळात होतं काय, तर बरीच सॉफ्टवेअर्स इन्स्टॉल होताना स्वतःचं नाव एका यादीत घालून ठेवतात. विंडोज सुरू झालं की या यादीतले सगळे प्रोग्रॅम न बोलावता उठून बसतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिची माहिती वाचणारी सुई एका वेळी एकाच जागी जाऊ शकते. दहा प्रोग्रॅमनी एकदम हाक मारली की ती नुसती इकडून तिकडे पळत राहते. संध्याकाळी सात वाजता जयस्तंभ चौकात चारी बाजूंनी गाड्या घुसल्यावर जे होतं, अगदी तेच.

ही यादी बघणं सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ शोधा. प्रत्येक नावासमोर त्याचा भार किती, ते लिहिलेलं असतं: लो, मीडियम किंवा हाय. सुरू होताना जो प्रोग्रॅम प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ खातो किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन करतो, त्याला विंडोज ‘हाय’ ठरवतं. कालच टाकलेल्या सॉफ्टवेअरसमोर ‘नॉट मेजर्ड’ दिसलं तर गोंधळू नका, त्याचं मोजमाप अजून झालेलं नाही एवढंच. गाणी, गेम, मीटिंगची अ‍ॅप्स असली नावं दिसली की राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. यात सॉफ्टवेअर पुसलं जात नाही. तुम्ही उघडाल तेव्हा ते उघडतं, फक्त आपोआप उठत नाही. एकेक बंद करा आणि दर वेळी फरक बघा, म्हणजे खरा दोषी कोण ते कळेल.

एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपल्या कामाचा काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलतं. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर बंद-चालू करून भागत नाही, ‘रिस्टार्ट’च करायचं.

आता अँटीव्हायरस. यादीत त्याचं नाव ‘हाय’ दिसलं तरी त्याला हात लावू नका. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात क्विक हील उभं केलं, तो काळ फ्लॉपीचा होता. मायकेलअँजेलोसारखे व्हायरस डिस्कच्या बूट सेक्टरमध्येच लपायचे आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच जागे व्हायचे. चोर दारातच बसलेला असेल तर राखणदारानेही पहाटेच उठायला हवं. पण घरात राखणदार एकच हवा! दोन अँटीव्हायरस टाकले की दोघं एकमेकांच्याच फायली तपासत बसतात आणि तुम्ही चहा संपेपर्यंत वाट बघता. विंडोजसोबत डिफेंडर आलेला असतोच. दुसरा कुठला अँटीव्हायरस टाकला की तो सहसा आपणहून बाजूला होतो, पण बाहेरून आणलेले दोन मात्र एकमेकांना जागा देत नाहीत.

आपल्याकडची आणखी एक सवय सांगते. मराठीत टाइप करायचं म्हणून कुठल्यातरी साइटवरून फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं जातं आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना त्याच्यासोबत दोन-तीन पाहुणे आत शिरतात. याची गरजच नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड मिळतो. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, की झालं. आलेले पाहुणे घालवायचे असतील तर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडा, यादी इन्स्टॉल झाल्याच्या तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेली अनोळखी नावं अनइन्स्टॉल करा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर ‘सिस्टम रिस्टोअर’ करून बघा. आधीचा रिस्टोअर पॉइंट तयार झालेला असेल तर विंडोज त्या दिवसाच्या स्थितीत परत जातं. नंतर टाकलेली सॉफ्टवेअर्स निघून जातात, तुमचे फोटो आणि कागद जागेवर राहतात. आणि कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांचा असेल, आत फिरती हार्ड डिस्कच असेल, तर फॉरमॅटला पैसे देण्यापेक्षा तेच पैसे एसएसडीत घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

दुकानात न्यावंच लागलं, तर निघण्याआधी डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे चारही फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. कॉपी झाल्यावर त्यातले दोन-चार फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि ती डिस्क घरीच ठेवून जा.