शेजारधर्म : भाग ६ – घेणाऱ्याची लाज

गरिबाला द्यायला सहसा कुणाची ना नसते. लग्नात उरलेला वरण-भात कातकरवाडीवर पाठवायला अष्टमी-रोह्यात कुणी मागेपुढे पाहत नाही. तीच माणसं पहिल्या पंगतीला येऊन बसली तर? धर्मादाय आणि प्रेम यांची फारकत तिथे होते. ख्रिस्ती धर्मग्रंथानेही याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं आहे.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. सभेत दोघे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याने उभं राहायचं, नाहीतर पायाशी बसायचं. मजुरांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या धनवानांवर याकोब पाचव्या अध्यायात कडाडतो (तो अध्याय आमच्या रायगडातल्या वीटभट्टी मालकांनी उचलीची वही पुढ्यात ठेवून वाचावा), पण सुरुवात त्याने बसण्याच्या जागेपासून केली.

करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनातच हा भेद शिरला. सधनाच्या घरी जेवण व्हायचं. आतल्या दालनात जेमतेम नऊ-दहा माणसं मावत, बाकीची अंगणात, असं अभ्यासक मानतात. आधी आलेले जेवून तृप्त, आणि गरीब उपाशीच. पौलाने त्यांना खरमरीत लिहिलं. अन्न वाया जातं किंवा कमी पडतं, अशी त्याची तक्रार नव्हती. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, यावर त्याचा रोख होता.

ही लाज महाराष्ट्रात कुणी सोसली असेल आणि लिहूनही ठेवली असेल, तर ती पंडिता रमाबाईंनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न; घरात संस्कृत, पण दुष्काळात दाणा नाही. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. आजारी आईला बाजरीच्या भाकरीच्या तुकड्याची वासना झाली, तेव्हा रमाबाई ओळखीच्या एका बाईंकडे गेल्या. मागायला जीभच उचलेना. त्या बाईंनीच ओळखून तुकडा दिला. तो घेऊन त्या आईकडे आल्या, पण आईला खाण्याची ताकद उरली नव्हती.

पुढे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना त्यांनी आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते तिथलं काम. शेती, विणकाम, छापखाना. आयतं ताट पुढे सरकवण्यापेक्षा हाताला काम दिलं, की घेणारीची मान खाली जात नाही. हिब्रू-ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळेल असं. त्याचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यातल्या कितीतरी जणी अंगावर धड वस्त्र नसताना तिथे आल्या होत्या.

आक्षेपही सांगायला हवा. भुकेल्याला जेवण घालता घालता धर्म देणं, हे प्रेम की सौदा? त्याआधी, १८९३ मध्ये, पुण्यात याच संशयावरून रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणावर सक्ती करत नाही, माझी प्रार्थना मात्र दार लावून करणार नाही. मला त्यांचा प्रामाणिकपणा पटतो. तरी जिच्या हातात अन्नाची चावी आहे तिच्या उघड्या प्रार्थनेचं वजन उपाशी मुलीवर पडतंच, आणि तो पेच केवळ प्रामाणिकपणाने सुटत नाही.

पुढच्या भागात रोह्याहून कुंडलिका नदीच्या पाण्याबरोबर खाली जाऊ, कोर्लईला. १७४० मध्ये तिथून पोर्तुगीज सत्ता निघून गेली, गोरगरीब ख्रिस्ती मागे राहिले. धनी गेल्यावर त्यांच्या मंडळीचं काय झालं, ते पाहायचं आहे.