ऑर्डर डोहाळजेवणाला, नाव बारशाला : बाळाच्या नावाचे कपडे विकताना



मागच्या व्हिडिओत आपण बाळाच्या कपड्यांचा गिफ्ट सेट कसा शिवायचा ते पाहिलं. झबली, टोपडं, कुंची, दुपटं, आणि त्यावर बाळाचं नाव. पण धंद्याची खरी मेख सांगायची राहिली. ती शिवणकामात नाहीच, ती कॅलेंडरमध्ये आहे.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट सांगते. हात इतका साफ की बघत राहावं. त्यांना डोहाळजेवणासाठी पहिली मोठी ऑर्डर आली. होणाऱ्या आजींनी फोनवर सांगितलं, "सगळं निळ्यात करा, आणि झबल्यांवर 'छोटे सरकार' लिहा. आमच्याकडे मुलगाच होणार." ताईंनी केलं. पैसे मिळाले, कौतुक झालं. अडीच महिन्यांनी त्या घरच्या सुनेचा फोन आला. मुलगी झाली होती. तिने हळू आवाजात विचारलं, "ताई, ती अक्षरं उसवता येतील का हो?"

ताईंनी उसवली. पण मलमलीवर मशीनचं दाट भरतकाम उसवलं की टाक्यांची भोकं तशीच राहतात. शेवटी त्यावर कापडाची फुलं लावून झाकावं लागलं. दोन दिवस गेले, एक रुपयाही घेतला नाही, आणि घ्यावासा वाटलाही नाही. तेव्हापासून त्यांचा नियम पक्का आहे: जन्माआधी नाव नाही, 'राजकुमार' नाही, 'परी' नाही.

आपण गिफ्टच्या कल्पना परदेशी व्हिडिओंमधून उचलतो. अमेरिकेतल्या बेबी शॉवरमध्ये मुलगा की मुलगी हे पुष्कळदा आधीच माहीत असतं, कधी कधी नावही ठरलेलं असतं. आपल्याकडे गर्भाचं लिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे वाटीखाली पेढा की बर्फी एवढंच निघतं, आणि त्यावर कुणी मशीनला दोरा ओवू नये! डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात. नाव मात्र बारशाला, आत्या बाळाच्या कानात सांगते तेव्हा. म्हणजे गिफ्ट देणारा आज दारात उभा आहे आणि ज्याच्यासाठी तो जादा पैसे देणार, ते नाव तीन महिन्यांनी येणार.

मग काय विकायचं? दोन टप्प्यांत विका.

डोहाळजेवणाला सेट द्यायचा, पण नावाची जागा मोकळी ठेवून. रंग पिवळा, मोरपंखी, फिकट हिरवा, मोतिया. सोबत एक छान कार्ड: 'बारशानंतर नाव कळवा, आम्ही भरून देऊ.' पैसे मात्र दोन्ही टप्प्यांचे आजच, गिफ्ट देणाऱ्याकडून. नंतर बाळंतिणीकडे नावाचे शंभर रुपये मागत बसायचं, हे शोभत नाही आणि वसूलही होत नाही.

आता हिशोब. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदला, मी उदाहरण देते. दोन झबली, टोपडं आणि दुहेरी दुपटं यांना ३ मीटर मलमल, ९० रुपयांनी २७०. कुंचीला अर्धा मीटर खण १०० आणि आतून मलमलीचं अस्तर ४५. दोरा, नाड्या, पायपिन ४०. डबा आणि कार्ड ६०. झाले ५१५. शिवणाचे ५ तास, ताशी ७० रुपयांनी ३५०. एकूण ८६५. वीज, मशीन, वाया गेलेलं कापड यासाठी दहा टक्के धरले की साधारण ९५०. बहुतेक जणी इथेच थांबतात, १३०० किंमत लावतात आणि साडेतीनशे सुटले म्हणून खूश होतात. पण दुसरा टप्पा? नाव भरायला दीड तास म्हणजे १०५, परत पाठवायचं कुरिअर ८०, त्यावर तेच दहा टक्के. खर्च ११५० च्या वर गेला. सुटले दीडशेहून कमी. म्हणून किंमत १५०० च्या खाली नको. ज्यांना जास्त वाटेल त्यांना नावाशिवायचा सेट द्या, पण नाव फुकट देऊ नका.

मापाचंही तसंच. नवजात मापाचं झबलं दोन-तीन महिन्यांत आखूड होतं. बारसं बाराव्या दिवशी असो की दोन महिन्यांनी, तुमच्याकडे कपडा येऊन परत जाईपर्यंत बाळ मोठं झालेलं असतं. म्हणून नावाचं झबलं तीन ते सहा महिन्यांच्या मापाचं करा आणि मुख्य नाव दुपट्यावर घाला. दुपटं वर्षभर तरी वापरात राहतं.

नाव लिहून घ्या, ऐकून घेऊ नका. 'रुद्र' की 'रूद्र', 'ईशान' की 'इशान' यावरून घरात भांडणं होतात, त्यात आपण पडायचं नाही. घरातल्या एकाच माणसाने व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवायचं आणि आपण कागदावर काढलेल्या अक्षरांचा फोटो पाठवून होकार घ्यायचा. भरतकामाच्या मशीनमध्ये देवनागरी अक्षरं बहुधा तयार मिळत नाहीत. डिझाईन बनवून घेताना 'श्र', 'ज्ञ', 'द्ध' आणि वरची रेघ आधी चिंधीवर तपासा. हाताने करणार असाल तर साखळी टाका किंवा उलटी टीप छान दिसते.

भरतकामाची मागची बाजू हा अगदी महत्त्वाचा मुद्दा. वरून सुंदर आणि आतून खरखरीत असेल तर बाळ रडतं आणि कपडा कपाटात जातो. शिवाय सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा अडू शकतो. ही भीती दाखवण्यासाठी सांगत नाही, हे खरोखर घडतं. मागचे दोरे कापा आणि त्यावर मऊ अस्तर लावा. मणी, टिकल्या, सुटी बटणं नकोत. नाड्या आखूड ठेवा. कापड शिवण्याआधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. लाल खण तर हमखास तपासा: ओल्या पांढऱ्या फडक्याखाली ठेवून इस्त्री फिरवा, फडक्याला रंग लागला तर तो खण बाळाच्या कपड्याला नाही.

काही जणी म्हणतील, आमच्याकडे बाळ होण्याआधी नवे कपडे आणतच नाहीत. बरोबर आहे, कित्येक घरांत नवजात बाळाला आधी जुन्या मऊ कापडाचंच घालतात. त्या घरांशी वाद घालू नका. उलट तिथेच ताईंची सगळ्यात चालणारी वस्तू जन्माला आली: आजीच्या जुन्या सुती साडीचं दुपटं. नाव नसतानाही ते त्याच घराचं असतं, दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही. फक्त साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग बघा, जर असेल तर ती अंगाला लागणार नाही अशी बाहेर ठेवा, आणि कुठून कापायचं ते फोटोवर खूण करून विचारा. पदर कापून बसलात तर भरपाई नाही.

आणि एक गोष्ट, जी कॉस्टिंगच्या वहीत बसत नाही. प्रत्येक ऑर्डरचा शेवट बारशाने होत नाही. म्हणून अपेक्षित तारखेला 'बाळ आलं का? नाव कळवा!' असा मेसेज कधीच पाठवू नका, ऑटोमॅटिक तर नाहीच. तुमच्या यादीत बाळंतिणीचा नंबर नको, गिफ्ट देणाऱ्याचा हवा. नाव आलं तर भरायचं. नाही आलं तर गप्प राहायचं. आणि कुणी नुसतं "ऑर्डर राहू दे" म्हटलं तर कारण न विचारता नावाचे पैसे परत करायचे. ताईंच्या वहीत अशा दोन ओळी आहेत. त्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणी फी मागितली तर देऊ नका. मशीनसाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाचं नावच 'शिशु' आहे, आपल्या धंद्याला शोभेलसं! पण कर्जाच्या आधी तीन सेट शिवा. एक ओळखीतल्या बाळाला वापरायला द्या, एक दहा वेळा धुवा, आणि तिसऱ्याचे फोटो काढा. धुतलेला सेट दुकानात ठेवा. गिऱ्हाईक हात लावून बघेल तो तोच.