दोन लिप्यांचे संक्रांत-कार्ड

आमच्या घरी आजी मराठी वाचते, अज्जी कन्नड. दोघींना वाचता येईल असे छापील कार्ड सहसा मिळत नाही. म्हणून संक्रांतीची कार्डे आम्ही घरीच करतो.

जुन्या वह्यांचे कागद तुकडे करून रात्रभर भिजवा, मिक्सरमधून लगदा काढा. तो चाळणीवर पातळ पसरून सुती कापडावर उलटा. प्लॅस्टिकचा थर असलेल्या लग्नपत्रिका वगळा. कागद ओलसर असतानाच शाईचे थेंब टाका. रंग आपोआप पसरतो. वाळल्यावर तांदळाच्या पेजेचा पातळ हात द्या, म्हणजे अक्षरे फुटत नाहीत.

मग एका बाजूला मराठीत ‘तिळगूळ’, दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत ‘एळ्ळु-बेल्ल’. शाळेत एकच लिपी शिकलेल्या नातवंडांना दुसरी अक्षरे आजी-अज्जीच गिरवायला शिकवतात.