शरीराचें शेवटचें द्वार

सुश्रुतसंहितेंत गुदाची लांबी साडेचार अंगुळें सांगून त्यांत प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळ्या वर्णिल्या आहेत. आधुनिक शारीरशास्त्राप्रमाणें मलाशयाखालचा गुदमार्ग सुमारें ४ सेंटिमीटर असून त्यास दोन स्नायुवलयें आहेत: आंतलें आपोआप आवळलेलें राहतें, बाहेरचें इच्छेनें आवळतां येतें. मध्यावर एक दंतुर रेषा आहे. तिच्या खालीं टांचणी टोंचली तरी तीव्र वेदना होते. वर ती बहुधा जाणवतहि नाहीं.

आमचे एक वडील आप्त रक्त पडत असतां ‘दुखत नाहीं, मूळव्याधच असेल’ म्हणून लाजेनें वर्षभर गप्प राहिले. निदान कर्करोगाचें झालें, आणि तेंहि उशिरां. म्हणून आमची विनंती कीं, रक्त दिसतांच, दुखो वा न दुखो, डॉक्टरांकडून तपासून घ्यावें.