परदेशातील निवृत्त जीवन : परवाना, पैसा आणि विमा

उतारवय परमुलुखात घालवावे ही कल्पना भारतीय मनाला अगदीच अनोळखी नाही. संसारातून मोकळी झालेली माणसे पूर्वी काशीवासाला जात, आणि वाटेत रोकड जवळ बाळगण्याऐवजी सावकाराची हुंडी बरोबर नेत. मात्र काशीत राहण्यासाठी त्यांना दरवर्षी कोणाची परवानगी मागावी लागत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवृत्तिवेतन हा सर्वसामान्य नोकरदाराचाही हक्क झाला, विमानप्रवास आवाक्यात आला, आणि निराळ्या प्रकारचे स्थलांतर सुरू झाले. थंड व महागड्या देशांतील निवृत्त माणसे उबदार आणि स्वस्त देशांत जाऊन राहू लागली. ही माणसे निर्वासित नव्हेत, मजूर नव्हेत आणि बहुधा नागरिकही होत नाहीत. यजमान देशाच्या दृष्टीने ती दीर्घकाळ राहणारी पाहुणे मंडळी असतात.

अशा पाहुण्याला तीन गोष्टी सतत सिद्ध कराव्या लागतात : राहण्याचा परवाना आहे, निर्वाहापुरता पैसा आहे, आणि आजारपणाचा भार यजमान देशावर पडणार नाही. या तीन बाबी वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या असल्या, तरी प्रत्यक्षात एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक धागा तुटला की दुसरा सैल होतो. ही गुंतागुंत समजून घेण्यासाठी थायलंडचे उदाहरण सोयीचे आहे. कारण चिआंग माई, हुआ हिन, पट्टाया यांसारख्या शहरांत युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील निवृत्तांची वस्ती मोठी आहे आणि तेथील नियम आकड्यांत स्पष्टपणे मांडलेले आहेत.

परवाना : एका वर्षाचा पाहुणचार

थायलंडमधील परकीयांचे वास्तव्य १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याने नियंत्रित होते. निवृत्त माणसाला तेथे राहायचे असेल तर वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि कोणतीही नोकरी करता येत नाही. प्रवेशाचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. पहिला ‘ओ-ए’ वर्गाचा व्हिसा. तो स्वदेशातील थाई वकिलातीकडून मिळवायचा असतो, आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला व डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. दुसरा ‘ओ’ वर्गाचा व्हिसा. यात प्रथम नव्वद दिवसांचा प्रवेश मिळतो, आणि पुढे स्थानिक कचेरीत १,९०० बाट शुल्क भरून एका वर्षाची मुदतवाढ घेता येते.

‘एका वर्षाची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वीस वर्षे त्याच घरात राहिलेल्या माणसालाही दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि पूर्वीच्या वास्तव्यामुळे पुढचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. शिवाय सलग नव्वद दिवस देशात राहिल्यास आपला पत्ता इमिग्रेशन कचेरीला कळवावा लागतो. परकीय माणूस मुक्कामाला आला की घरमालकाने चोवीस तासांत त्याची वर्दी द्यावयाची असते. मुदतवाढ चालू असताना देशाबाहेर जायचे झाल्यास पुनःप्रवेशाचा परवाना आधी घ्यावा लागतो. एका फेरीसाठी त्याचे शुल्क १,००० बाट आणि अनेक फेऱ्यांसाठी ३,८०० बाट असे ठरविलेले आहे. तो न घेता कोणी बहिणीच्या अंत्यविधीसाठी घाईघाईने मायदेशी गेला, तर विमान सुटताच त्याची वर्षभराची परवानगी संपुष्टात येते आणि परत आल्यावर सारे पहिल्यापासून करावे लागते.

मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाट याप्रमाणे जास्तीत जास्त २०,००० बाट दंड होतो. मार्च २०१६ पासून त्यात प्रवेशबंदीची भर पडली. नव्वद दिवसांहून अधिक काळ विनापरवाना राहून स्वतः हजर झालेल्यास एक वर्षाची, आणि एक वर्षाहून अधिक राहून पकडला गेलेल्यास दहा वर्षांची बंदी घातली जाते. पंच्याहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे बहुधा कायमचीच बंदी.

पैसा : शिल्लक आणि तिचा पुरावा

मुदतवाढीसाठी पैशाची अट दोन प्रकारे पुरी करता येते : थाई बँकेत आठ लाख बाटांची ठेव दाखवून, किंवा दरमहा पासष्ट हजार बाटांचे उत्पन्न दाखवून. दोहोंचा मेळ घालूनही वर्षाचे आठ लाख भरून काढता येतात. मार्च २०१९ पासून ठेवीचा नियम कडक झाला. ही रक्कम अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात पूर्णपणे असावी लागते, आणि उरलेल्या काळातही शिल्लक चार लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे या ठेवीतील निम्मी रक्कम नावाला आपली असली तरी आजारपणात हात घालण्याजोगी नसते. तिला हात लावला तर रुग्णालयाचे बिल भागेल, परंतु पुढील वर्षाचा परवाना धोक्यात येईल.

उत्पन्नाच्या मार्गाची अडचण वेगळी आहे. पूर्वी अनेक देशांच्या वकिलाती आपल्या नागरिकांना उत्पन्नाचे पत्र देत असत. ब्रिटनच्या व अमेरिकेच्या वकिलातींनी २०१८ च्या अखेरीस ही प्रथा बंद केली. त्यानंतर दरमहा परदेशातून पैसा खरोखर आला, हे बँकेच्या नोंदींवरून दाखवणे भाग पडले.

येथे पैसा एका देशातून दुसऱ्या देशात कसा जातो, हे जाणून घेतले पाहिजे. बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे निरोप प्रामुख्याने ‘स्विफ्ट’ या संस्थेच्या जाळ्यातून जातात. ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली आणि १९७७ मध्ये तिचे काम सुरू झाले. तिच्या तारांतून पैसा वाहत नाही, केवळ निरोप जातो. खरी देवघेव बँकांच्या परस्परांकडील खात्यांतून होते. वाटेत मध्यस्थ बँक असल्यास तीही आपला आकार कापून घेते, त्यामुळे पाठविलेली रक्कम आणि पोहोचलेली रक्कम यांत फरक पडतो. नेमकी पासष्ट हजारांइतकी रक्कम पाठविणाऱ्याचे खाते म्हणूनच काही महिन्यांत कमी भरते.

नव्या स्वस्त प्रेषण-सेवा बहुधा दुसरी रीत वापरतात. त्या मायदेशात पैसा स्वीकारतात आणि परदेशातील आपल्या स्थानिक खात्यातून तेवढी रक्कम चुकती करतात. या रीतीने खर्च वाचतो व वेगही मिळतो. परंतु थाई पासबुकात अशी रक्कम कित्येकदा देशांतर्गत जमा म्हणून उमटते, आणि मग ती परदेशातून आली हे सिद्ध करणे कठीण होते. म्हणून परवान्यासाठी दाखवावयाची रक्कम कोणत्या मार्गाने येते आणि तिची नोंद कशी होते, याची खात्री पहिल्याच महिन्यात बँकेत करून घ्यावी लागते. वर्ष संपल्यावर ती नोंद बदलता येत नाही.

सर्वांत बेभरवशाची गोष्ट म्हणजे हुंडणावळीचा दर. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटचा दर मोकळा सोडला, तेव्हा सुमारे पंचवीस बाटांना मिळणारा डॉलर काही महिन्यांतच पन्नासांच्या पलीकडे गेला. डॉलरमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची त्या काळात चंगळ झाली. पण चक्र उलटेही फिरते. २००७ च्या सुमारास एका पौंडाला सत्तरच्या आसपास बाट मिळत. २०१९ मध्ये तो दर चाळिसांच्या खाली घसरला. दरमहा एक हजार पौंड घेणाऱ्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. पूर्वी त्याच्या हाती सत्तर हजार बाट पडत आणि तो उत्पन्नाची अट सहज पुरी करी. पुढे त्याच हजार पौंडांचे अडतीस हजारच झाले. त्याने काही उधळले नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अपात्र ठरला.

यातच ब्रिटिश निवृत्तांची आणखी एक अडचण आहे. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन मायदेशी दरवर्षी वाढते. परंतु थायलंडमध्ये राहणाऱ्यास ते गोठलेल्या रकमेतच मिळत राहते. फिलिपिन्समध्ये राहणाऱ्यास मात्र त्या देशाशी झालेल्या करारामुळे वाढ मिळते. देश निवडताना हवा-पाणी पाहणाऱ्यांपैकी फारच थोडे असे करार पाहतात.

करांचाही विचार करावा लागतो. वर्षातून १८० दिवस वा अधिक थायलंडमध्ये राहणारा माणूस करदृष्ट्या तेथील रहिवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून मिळालेले परदेशी उत्पन्न त्याने देशात आणले, तर ते तेथे करपात्र धरण्यात आले. त्यापूर्वीची बचत यातून वगळण्यात आली. दुहेरी कर टाळण्याचे करार येथे उपयोगी पडतात, परंतु कोणती रक्कम कोणत्या वर्षाची हे दाखविणारे कागद जपलेले असले तरच.

विमा : वयाशी शर्यत

थायलंडने २००२ मध्ये सार्वत्रिक आरोग्यसेवेची योजना सुरू केली, पण ती थाई नागरिकांसाठी आहे. अमेरिकन निवृत्ताची ‘मेडिकेअर’ सामान्यतः अमेरिकेबाहेर खर्च देत नाही. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवाही तेथे वास्तव्य असणाऱ्यांसाठी असते, परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी नव्हे. अशा रीतीने निवृत्त माणूस दोन्ही छपरांच्या मधोमध उघड्यावर उभा राहतो.

३१ ऑक्टोबर २०१९ पासून थायलंडने ‘ओ-ए’ वर्गासाठी विमा सक्तीचा केला. प्रथम बाह्यरुग्ण उपचारांसाठी चाळीस हजार आणि रुग्णालयातील वास्तव्यासाठी चार लाख बाटांचे संरक्षण पुरेसे होते. पुढे ही मर्यादा तीस लाख बाटांपर्यंत वाढविण्यात आली. या नियमाने आधीच तेथे राहणाऱ्या अनेक वृद्धांची कोंडी झाली. विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढत जातो, अनेक कंपन्या सत्तरी-पंचाहत्तरीनंतर नवी पॉलिसीच देत नाहीत, आणि पूर्वीपासूनचे विकार बहुधा संरक्षणातून वगळतात. ज्याला विम्याची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तो मिळणे सर्वांत कठीण, असा हा व्यवहार आहे.

म्हणून काही गोष्टी पॉलिसी घेतानाच पाहाव्या लागतात. प्रवासविमा आणि आरोग्यविमा एक नव्हेत. पहिला तात्पुरत्या सहलीसाठी असतो आणि कायम वास्तव्य करणाऱ्याचा दावा त्यावर नामंजूर होऊ शकतो. नूतनीकरणाची हमी कोणत्या वयापर्यंत आहे, हा प्रश्न आजच्या हप्त्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. अर्जात रक्तदाब वा मधुमेह लपविला, तर हप्ते भरूनही ऐनवेळी संरक्षण नाहीसे होते. विमा मिळतच नसेल, तर उपचारांसाठी स्वतंत्र राखीव निधी ठेवावा लागतो, आणि तो परवान्याच्या आठ लाखांहून वेगळा असावा लागतो.

मागे राहणाऱ्यांचा प्रश्न

परवान्यासाठीची ठेव सामान्यतः अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असावी लागते. त्याचा मृत्यू झाला की खाते गोठते, आणि न्यायालयाने व्यवस्थापक नेमेपर्यंत पत्नीला त्यातून पैसा काढता येत नाही. ती पतीवर अवलंबून म्हणून राहत असेल, तर तिच्या परवान्याचा आधारही त्याच दिवशी जातो. थाई कायद्याला धरून केलेले मृत्युपत्र आणि पत्नीच्या नावे स्वतंत्र शिल्लक, या दोन गोष्टींनी हे संकट बरेच हलके होते.

भारतीय ज्येष्ठांपैकी पुष्कळ जण परदेशी जातात ते मुलांकडे राहावयास. पण तेथेही हेच तीन धागे दिसतात. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ घेणाऱ्या आईवडिलांसाठी मुलाच्या वा नातवंडाच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमाही. भारतातील सरकारी निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो भारतीय वकिलातीमार्फत, किंवा २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या व्यवस्थेने देता येतो. बँकेचा एकवेळचा सांकेतिक क्रमांक भारतातील मोबाईलवर येत असेल, तर तो क्रमांक बंद पडू देणे म्हणजे स्वतःच्याच पैशाला कुलूप लावणे होय.

परवाना वर्षाचा, विमा वर्षाचा, हयातीचा दाखलाही वर्षाचा; वय मात्र एकाच दिशेने सरकते. साठाव्या वर्षी सहज जमणारी धावपळ ऐंशीव्या वर्षी जमत नाही. म्हणून मुदतींची यादी, खात्यांची माहिती आणि पॉलिसीचा क्रमांक एका विश्वासू माणसाजवळ असावा, तसेच मायदेशी कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे. परतीचा मार्गही मोडू नये : पारपत्र चालू असावे, मायदेशातील एक बँकखाते जिवंत असावे, आणि परतल्यावर आरोग्यसेवेचा हक्क किती दिवसांनी मिळेल हे ठाऊक असावे. परत जाण्याचा निर्णय शरीर साथ देत असताना घेतला, तर तो माणसाचा स्वतःचा निर्णय असतो. पुढे तो रुग्णालयाच्या वा इमिग्रेशन कचेरीच्या हाती जातो.