दिवसाला दोन नोंदी

१७,३९१. ब्रिटिश म्युझियमकडच्या राजकीय आणि व्यक्तिगत व्यंगचित्रांची जी छापील सूची आहे, तिच्यातला हा शेवटचा क्रमांक. सूचीचा पहिला खंड १८७० साली निघाला आणि अकरावा १९५४ साली. एका संग्रहातले कागद नीट नोंदवून व्हायला ८४ वर्षं गेली. त्यातही १८८३ ते १९३५ या ५२ वर्षांत एकही खंड बाहेर पडला नाही.

पहिले चार खंड फ्रेडरिक जॉर्ज स्टीफन्स यांचे, क्रमांक १ ते ४,८३८. पुढचे सातही खंड एकट्या मेरी डोरोथी जॉर्ज यांचे. ४,८३९ पासून १७,३९१ पर्यंत, म्हणजे १२,५५३ नोंदी. जॉर्ज यांचा जन्म १८७८ सालचा. त्यांचा पहिला खंड आला तेव्हा त्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती आणि शेवटचा आला तेव्हा पंचाहत्तरी.

या १२,५५३ नोंदी १९३५ ते १९५४ या वीस वर्षांवर पसरल्या तर वर्षाला सुमारे ६३० पडतात. वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला जेमतेम दोन. पहिल्या खंडाच्या तयारीची वर्षं यात धरलेलीच नाहीत, त्यामुळे खरा वेग याहूनही कमी असणार. इंग्लंडच्या अठराव्या शतकाचा अभ्यास करणारा कोणीही आज ज्या सूचीवाचून पुढे जाऊ शकत नाही, ती या वेगाने तयार झाली. ग्रंथालयाच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मला हाच वाटतो. संग्रहात किती वस्तू आहेत हे अहवालात ठळक छापतात, पण एकेका वस्तूजवळ कोणी किती वेळ बसलं होतं, यावर तो संग्रह वापरता येणार की नाही हे ठरतं.

इतका वेळ का लागतो, हे एक कागद हातात घेतला की कळतं. क्रमांक १०,३७१ घ्या. जेम्स गिलरेचं चित्र, साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच, तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं आणि मग हाताने रंगवलेलं. पंतप्रधान पिट आणि नेपोलियन टेबलाशी समोरासमोर बसलेत आणि मध्ये पृथ्वीच्या गोलाचं पुडिंग ठेवलेलं आहे. पिट समुद्राचा भाग कापून घेतोय, नेपोलियन युरोपचा. सूचीकाराला इथे शीर्षक, आकार, तंत्र आणि रंग एवढं लिहून थांबता येत नाही. चित्रातली माणसं ओळखायची, चित्रावरचा प्रत्येक शब्द उतरवून घ्यायचा, कुणाच्या ताटात कोणता देश पडलाय ते पाहायचं आणि हे सगळं त्या महिन्यातल्या कोणत्या राजकीय घडामोडीवर बेतलंय ते शोधायचं. त्यासाठी त्या काळची वृत्तपत्रं, संसदेतली भाषणं, खासगी पत्रं चाळावी लागतात. जॉर्ज यांच्या नोंदी कधी परिच्छेदभर, कधी पानभर असतात त्या यामुळे.

तारीख मात्र चित्रावरच आहे: २६ फेब्रुवारी १८०५, प्रकाशक हॅना हम्फ्री, २७ सेंट जेम्सेस स्ट्रीट. ही माहिती तिथे असण्यामागे एक कायदा आहे. विल्यम होगार्थच्या चित्रांच्या चोरट्या नकला बाजारात भराभर यायच्या. त्याने आणि इतर कलावंतांनी संसदेकडे दाद मागितली आणि १७३५ साली कोरीव मुद्राचित्रांना १४ वर्षांचं संरक्षण देणारा कायदा झाला. १७६७ साली ही मुदत २८ वर्षं झाली. अट एकच होती, मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख पत्र्यावरच कोरलेली हवी. होगार्थने स्वतःची एक मालिका कायदा लागू होईपर्यंत, जून १७३५ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, विक्रीला काढली नव्हती. धंद्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद सूचीकारांना पुढे शेकडो वर्षं पुरली. युरोपातल्या कितीतरी मुद्राचित्रांची तारीख अंदाजाने लिहावी लागते, तिथे इंग्लिश चित्र दिवसासकट सांगतं.

अर्थात त्या तारखेवर डोळे मिटून विसंबता येत नाही. तारीख पत्र्याची असते, समोरच्या कागदाची नव्हे. गिलरे १८१५ साली वारला. त्याचे पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने त्यांच्यावरून पुन्हा छपाई केली. पत्रा तोच, रेघा त्याच, खाली कोरलेली तारीखही तीच. अशा वेळी कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क पाहायचा. १७९४ नंतर इंग्लंडमध्ये करसवलतीच्या नियमामुळे कागदाच्या वॉटरमार्कमध्ये सालही घालण्याची पद्धत पडली. चित्रावर १८०५ आणि कागदात त्यानंतरचं साल दिसलं तर छाप नंतरची, हे तिथेच सिद्ध होतं. बोनच्या बऱ्याच छापा पानाच्या दोन्ही बाजूंना आहेत, ती आणखी एक खूण. मागे दुसरंच चित्र असेल तर मग नोंदी दोन करायच्या की एक, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

स्टीफन्स यांच्या चार खंडांनी १३२० ते १७७० हा साडेचारशे वर्षांचा काळ घेतला. वर्षाला सरासरी अकरा नोंदीसुद्धा होत नाहीत. जॉर्ज यांच्या सात खंडांत १७७१ ते १८३२ ही ६२ वर्षं आहेत, वर्षाला सरासरी दोनशेच्या वर नोंदी. लंडनमधला व्यंगचित्रांचा बाजार या काळात किती फोफावला, हे या दोन सरासऱ्यांतून दिसतं. जुने कागद फाटून-कुजून गेले, नवे टिकले, हेही त्यातलं एक कारण आहेच. पण जॉर्ज यांच्या शेवटच्या खंडात अवघी पाच वर्षं मावली आहेत, १८२८ ते १८३२. नुसत्या टिकून राहण्याने एवढी दाटी होत नाही.

आणि हे क्रमांक लंडनपुरते राहिले नाहीत. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९२१ साली विंडसर किल्ल्यातल्या राजसंग्रहातून सुमारे १०,००० इंग्लिश व्यंगचित्रं विकत घेतली. तिथल्या ग्रंथपालांनी त्यांना नव्याने क्रमांक लावत न बसता ब्रिटिश म्युझियमच्या सूचीतलाच क्रमांक प्रत्येक चित्राच्या स्थानांकात घातला. म्हणून वॉशिंग्टनमध्येही गिलरेचं ते पुडिंग मागवताना १०३७१ हाच आकडा चिठ्ठीवर येतो. लंडनच्या सूचीत नसलेल्या चित्रांना तिथे वेगळी मालिका आहे. एका बाईंनी सावकाश केलेलं काम समुद्रापलीकडच्या ग्रंथालयाची मांडणी ठरवतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोजणीतला खरा पेच रेखाचित्रांत आहे. चित्रकार टर्नर १८५१ साली वारला आणि त्याच्या स्टुडिओतलं सगळं काम राष्ट्राला मिळालं. १८५६ साली अधिकृत मोजदाद झाली: पूर्ण तैलचित्रं १००, अपुरी १८२, रेखाचित्रं आणि टिपणं १९,०४९. जॉन रस्किनने पुढच्या दोन वर्षांत हे कागद लावले. बऱ्याच कागदांवर दोन्ही बाजूंनी काम होतं आणि काहींच्या तर एकेका बाजूवर पाच-सहा वेगवेगळी दृश्यं. १९०९ साली ए. जे. फिनबर्ग यांनी दोन खंडांची यादी केली, तीत सुमारे ३०० वह्या पानापानाने नोंदवल्या. आज याच संग्रहाचा आकडा ३७,००० च्या वर सांगतात. टर्नर काही मेल्यावर चित्रं काढत नव्हता. कागद मोजायचा की पान मोजायचं, हा निर्णय बदलला आणि संग्रह जवळपास दुप्पट झाला. दोन ग्रंथालयांच्या संख्या शेजारी मांडून कोण मोठं हे ठरवणाऱ्यांनी आधी त्या त्या ठिकाणी 'एक' कशाला म्हणतात ते विचारावं.

हस्तलिखितांबाबत सूचीने याहून मोठं काम केलंय. सर रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहात कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते आणि हस्तलिखिताचा पत्ता त्यावरून लिहीत. 'बेओवुल्फ' या महाकाव्याची एकमेव प्रत आजही विटेलियस, ए फळी, पंधरावा ग्रंथ याच पत्त्यावर आहे. कपाट जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी, हा संग्रह जिथे ठेवला होता त्या वेस्टमिन्स्टरच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली. पुढच्या वर्षीच्या संसदीय अहवालात ९५८ पैकी ७४६ हस्तलिखितं शाबूत, ९८ खराब आणि ११४ जळालेली किंवा निकामी असा हिशेब आहे. असा हिशेब मांडता आला, कारण टॉमस स्मिथ यांनी १६९६ सालीच संग्रहाची सूची छापून ठेवली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक मॅडन यांनी आकसलेले, चिकटलेले चर्मपत्रांचे गोळे सोडवून पानं परत मिळवली. कुठला तुकडा कशाचा, हे ओळखायलाही आधीची नोंद लागते. ११४ पैकी अखेर कायमची गेलेली म्हणून फक्त १३ उरली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये याच्या नेमकं उलट घडलं. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. एकाही पुस्तकाला धक्का लागला नाही, पण ऑनलाइन कॅटलॉग बंद पडला. ३ कोटी ६० लाख नोंदींचा मुख्य कॅटलॉग १५ जानेवारी २०२४ रोजी परत आला, तोही नुसता पाहण्यापुरता. ग्रंथ जागच्या जागी असताना वाचकाला ते मागता येत नव्हते. ज्यांच्या विषयाची जुनी छापील सूची होती, त्यांचं काम त्यातल्या त्यात चालू राहिलं.

महाराष्ट्राचे कागदही अशा परदेशी संग्रहांत आहेत. येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात सुमारे २०,००० रेखाचित्रं आणि जलरंगचित्रं आहेत. त्यांत पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं एक चित्र आहे, नोव्हेंबर १७९० चं. चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पुण्याच्या दरबारातले ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासोबत तो काम करत असे. वेरूळची रेखाटनंही त्याने केली. वेल्स १७९५ साली वारले. त्यांच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल यांनी वेरूळच्या लेण्यांची २४ मुद्राचित्रं १८०३ साली प्रसिद्ध केली, तीही वेल्स आणि डॅनियल यांच्याच नावांनी. चित्र कोणी काढलं, कोणी काढून घेतलं, कोणी कोरलं आणि कोणी छापलं हे चार रकाने नोंदीत वेगळे ठेवले, तरच गंगारामला पहिल्या रकान्यात जागा मिळते. सगळ्यांना एकाच 'कर्ता' रकान्यात कोंबलं की तिथे साहेबाचं नाव येतं आणि पुण्याच्या तांबटाचं काम त्याच्या नावाने शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही.